बंद न पाडलेला फोन

मी मूळची नारायण पेठेतली. लग्न होऊन विश्रांतवाडीला आले तेव्हा आमच्या आईनं शेजारणीला सांगितलं होतं, "मुलगी दिलीय पुण्यातच, फक्त पत्ता पुण्याबाहेरचा आहे." त्याला आता सव्वीस वर्षं झाली. इथं आल्यावर माणूस पहिली गोष्ट शिकतो ती वाक्याच्या मध्येच थांबायची. लोहगावच्या धावपट्टीवरून लढाऊ विमान उठलं की आभाळ टरकावल्यासारखा आवाज होतो आणि सगळे जिथल्या तिथं गप्प होतात. भाजीवाली भाव सांगता सांगता थांबते. मी फळ्यापाशी उभी राहून कविता शिकवता शिकवता थांबते. विमान गेलं की वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू. पाहुण्यांना हे चमत्कारिक वाटतं. आम्हाला त्यात काही वाटत नाही.

वासंतीताईंची आणि माझी ओळख फोन बादलीत पडल्यामुळे झाली. फोन माझा, बादलीही माझीच. आळंदी रस्त्यावरून आत वळलं की पिठाची गिरणी लागते, तिला लागून त्यांचं दुकान. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, एवढंच. दारात मोबाईलची रंगीत कव्हरं तोरणासारखी टांगलेली. दुपारी चारनंतर ऊन तिरपं होऊन त्या कव्हरांतून आत यायचं आणि फरशीवर हिरवे, जांभळे, केशरी डाग पडायचे. गिरणीतलं पीठ हवेत तरंगत यायचं आणि त्या रंगीत उजेडात हळूहळू खाली बसायचं. आत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एक बाई बसलेली. वय पंचेचाळीसच्या पुढं, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत मागं सारलेल्या.

"पाण्यात पडल्यावर चालू करून बघितला का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तीनदा," मी म्हणाले.

"सगळेच बघतात. बुडालेल्या माणसाला कुणी पळ म्हणतं का, मॅडम? फोनला म्हणतात."

मग त्यांनी माझा फोन उघडला, काहीतरी पुसलं आणि मला म्हणाल्या, "बघायचंय?" मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. उंचावरून दिसणारं एखादं गाव असावं तसं काहीतरी खाली पसरलं होतं. चांदीचे रस्ते, काळ्या गच्च्या, कडेला पाण्याची चकाकती डबकी. मी किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. मान वर केली तर बाई हसत होत्या. "मी पण अशीच हरवते," त्या म्हणाल्या. "कधी कधी गिऱ्हाईक दारात उभं असतं आन मी आपली या गावातून फिरत असते."

पुढं मी अधूनमधून जात राहिले, कधी कामाला, कधी उगीच. त्यांची गोष्ट मला अशी तुकड्यातुकड्यानं कळली.

वासंतीताई लोहगावच्या शेतकरी घरातल्या. वडील जयसिंग यांची ज्वारीची जमीन धावपट्टीच्या कुंपणाला लागून होती. संध्याकाळी धावपट्टीचे दिवे लागायचे तेव्हा लहानगी वासंती बांधावर बसून ते मोजायची आणि मोजता मोजता तिथंच झोपी जायची. अभ्यासात बरी होती, पण वर्गातही तिचं लक्ष खिडकीबाहेर. लग्न धानोरीला झालं. नवरा विक्रम कंपनीची बस चालवायचा. त्याच्याच ओळखीनं भोसरीच्या एका कारखान्यात काम मिळालं. लांबच लांब टेबलाशी चाळीस बाया बसायच्या आणि इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांवर सोल्डरिंग करायच्या. त्या हॉलमध्ये कॉम्प्रेसरचा एवढा आवाज असायचा की शेजारणीचंही ऐकू यायचं नाही. पण चाळीस बायांना गप्प बसणं कसं जमणार? त्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकल्या. सासूची कागाळी, पोराचा ताप, वटपौर्णिमेची साडी, सगळं आवाजाशिवाय एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायचं. सतरा वर्षं वासंतीताईंनी असं ऐकलं.

मग कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. बाकीच्या जणी घरी बसल्या. वासंतीताईंनी मोबाईल दुरुस्तीचा तीन महिन्यांचा कोर्स केला. वर्गात एकतीस पोरं आणि या एकट्या. पोरं त्यांना मावशी म्हणायची आणि बारीक सोल्डरिंग आलं की गुपचूप त्यांच्याकडे सरकवायची. २०१७ साली दिरानं विश्रांतवाडीतल्या त्याच्या घराखालचा गाळा दिला आणि दुकान उघडलं.

बाई दुकानात आहे म्हटल्यावर शाळेच्या, कॉलेजच्या मुली तिथं येऊ लागल्या. फोन म्हणजे आताशा पोरींची कपाटं झाली आहेत. ते उघडायला परक्या पुरुषाच्या हातात द्यायचं म्हणजे जीव खालीवर होतो. वासंतीताईंचा नियम होता, फोनचं कुलूप उघडून मागायचं नाही आणि उघडा मिळाला तरी आत बघायचं नाही. "आपलं काम घर दुरुस्त करायचं. डबे उघडून बघायचं न्हाई."

या नियमाचा त्यांना एकदा पस्तावा झाला. लॉकडाऊन उठल्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. पंधरासोळा वर्षांची एक मुलगी आली. फोन चांगला चालत होता. "सगळं पुसून द्या," ती म्हणाली. "परत येणार नाही ना काही?" वासंतीताईंनी फोन फॉरमॅट करून दिला. अर्ध्या तासाचं काम. मुलगी फोन घेऊन दारापर्यंत गेली, थांबली, वळली. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण मागं दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, आणि वासंतीताईंनी त्याच्या फोनसाठी हात पुढं केला. मुलगी निघून गेली.

"मला चेहरा कळला होता मॅडम," हे सांगताना त्यांनी सोल्डरिंग बंद करून ठेवलं होतं. "सतरा वर्षं मी चेहरेच वाचले. त्या दिवशी वाचला आन मिटून ठेवला. ती कुठं राहते, तिचं काय झालं, काय म्हाईत न्हाई. अजून रस्त्यानं जाताना त्या वयाच्या पोरींकडं बघते. आता ती मोठी झाली असंल. ओळखू पण येणार न्हाई."

त्यानंतर दोन वर्षांनी, ऑगस्टमधल्या एका दुपारी, आमच्या शाळेच्या गणवेशातली एक मुलगी त्यांच्या दुकानात आली. नववीतली. तिचं खरं नाव मी लिहिणार नाही, आपण तिला स्पृहा म्हणू. तिनं फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "आंटी, हा बंद पाडून द्या. परत कधीच चालू नाही झाला पाहिजे. घरी सांगायचंय की खराब झाला."

फोन नवा होता. काचेवर एक चरासुद्धा नव्हता.

वासंतीताई उठल्या. काउंटरची फळी उचलून तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि दारातली "आत्ता येते" ही पाटी उलटून लावली. मग समोर पडलेल्या एका जुन्या फोनचे स्क्रू तिच्या हातात दिले. "हे जरा आकारानं वेगळे लाव," त्या म्हणाल्या. मुलगी लावू लागली. फरशीवरचे रंग तिच्या पायमोज्यांवर चढले होते. गिरणी बंद होती, त्यामुळे दुकानात अगदी शांत होतं.

तेवढ्यात विमान आलं.

आवाजानं कपाटाच्या काचा थरथरल्या. आणि त्या आवाजाच्या पोटात बसून, कुणालाही ऐकू जाणार नाही या भरवशावर, मुलगी समोर शून्यात बघत बोलली. बहुधा स्वतःशीच. विमान गेलं तेव्हा तिचे ओठ मिटले होते आणि ती पुन्हा स्क्रू लावत होती.

वासंतीताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "कोण पाठवनार हाय फोटो?" त्यांनी विचारलं.

स्पृहानं दचकून वर पाहिलं. "तुम्हाला... कसं ऐकू आलं?"

"मला ऐकू आलं. बास. आता हळू सांग. मी ओरडणार न्हाई."

मग तिनं सांगितलं. चित्रं काढण्याच्या एका ॲपवर तिला रिया नावाची मैत्रीण भेटली होती. नाशिकची, पंधरा वर्षांची, असं ती सांगायची. चार महिने दोघी रोज बोलत होत्या. रिया रोज सकाळी विचारायची, "काल काय स्वप्न पडलं?" स्पृहाला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. घरी सकाळी विचारत ते डबा घेतला का आणि क्लासला उशीर होणार नाही ना. ती उठल्या उठल्या डोळे चोळत स्वप्न लिहून पाठवायची. पाण्याखालची शाळा, जिने चढणारी, बोलणारी मांजर, छतावर उगवलेलं गवत. रिया सगळ्यांवर खूश व्हायची. तिला स्पृहाचं सगळंच आवडायचं, सगळंच पटायचं. हळूहळू रियाला शाळा कोणती, घर कोणत्या मजल्यावर, आईबाबा कधी नसतात, हे सगळं माहीत झालं. मग तिनं एक फोटो मागितला. कसला, ते वासंतीताईंनी विचारलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. तो पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी रियाची भाषा बदलली. आणखी पाठव, नाहीतर हा तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकीन. आणि येत्या रविवारी कात्रजला, प्राणिसंग्रहालयाच्या दाराशी ये. एकटी. कुणाला सांगितलंस तर बघ, घरी कळलं तर तुलाच मारतील.

"ती रिया नव्हतीच, आंटी," स्पृहा म्हणाली. "व्हॉइस नोट आली. माणूस होता."

"मग फोन बंद पाडून काय व्हनार गं? तू बंद झालीस. तो चालूच हाय की."

मुलगी रडू लागली. वासंतीताईंनी तिला रडू दिलं. मग फोन तिच्याच हातात देऊन म्हणाल्या, "हा फोन म्हंजे तुझा साक्षीदार हाय. साक्षीदाराला कुणी मारतं का? काहीएक पुसायचं न्हाई. त्याला एक अक्षर उत्तर द्यायचं न्हाई. आन रविवारी तू कुठंच जायचं न्हाईस."

त्यांनी मला फोन केला. शाळा सुटली होती, मी वह्या तपासत थांबले होते. पायीच गेले. स्पृहानं मला पाहून तोंड भिंतीकडे वळवलं. वर्गात ती तिसऱ्या बाकावर बसायची, निबंध उत्तम लिहायची. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून मी तिला रोज पाहत होते. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं मला दिसली होती आणि मी परीक्षेचा ताण समजून पुढं गेले होते. हे मला इथं लिहायलाच हवं.

"बाबांना नका सांगू, मॅडम, प्लीज," ती म्हणाली. "ते मला शाळेतूनच काढतील."

"आधी आईला सांगू," वासंतीताई म्हणाल्या. "मी येते तुझ्याबरोबर. तू फक्त पहिलं वाक्य बोल. पुढचं मी बोलते."

"पहिलं वाक्य काय?"

वासंतीताईंनी क्षणभर विचार केला. "'आई, ओरडू नको, मला एक सांगायचंय.' म्हण बघू."

तिनं म्हटलं. आवाज फुटला नाही. पुन्हा म्हटलं. दुकानातल्या त्या रंगीत उजेडात तिनं ते वाक्य सातआठ वेळा म्हटलं असेल, पाठांतराला बसल्यासारखं. शेवटी शेवटी त्यातली भीती थोडी झिजली. मग आम्ही तिघी निघालो. रस्त्यावर ऊन उतरून मऊ उजेड झाला होता. मला आठवतं, स्पृहा वासंतीताईंच्या पदराचं टोक धरून चालत होती. नववीतली मुलगी, जवळजवळ त्यांच्याएवढी उंच.

तिची आई राजनंदिनी एका बँकेत कारकून. त्यांनी दार उघडलं, मुलीमागं आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. स्पृहानं वाक्य म्हटलं. पुढचं वासंतीताईंनी सांगितलं. आईचा हात उठला. खरंच उठला, मी पाहिलं. "तुला फोन घेऊन दिला तेव्हाच मी म्हणत होते..."

"ताई," वासंतीताई मध्ये आल्या नाहीत, जागच्या हलल्याही नाहीत, नुसतं बोलल्या, "तिनं तुम्हाला सांगितलं. त्या मानसानं तिला सांगून ठेवलं व्हतं की घरी कळलं तर तुला मारतील. आता तुम्ही मारलं तर तो खरा ठरतो."

हात तसाच हवेत राहिला. मग राजनंदिनी खाली बसल्या आणि मुलीला त्यांनी ओढून कुशीत घेतलं. खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

वडिलांना आईनं सांगितलं. ते ओरडले. मुलीवर नाही, भिंतीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे शिवाजीनगरला सायबर पोलिसांकडे गेलो. साध्या कपड्यातल्या एक बाई अधिकारी स्पृहाजवळ बसल्या, तिला नाव कुठंही येणार नाही असं सांगितलं आणि फोन पाहून म्हणाल्या, "काहीच डिलीट केलं नाही? शाबास. निम्मी मुलं सगळं पुसून येतात, मग आम्ही शोधायचं कुठं?" त्यांनी सगळं नोंदवून घेतलं, तो फोटो पसरू नये म्हणून काय करायचं ते केलं आणि मग स्पृहाच्याच हातानं ते खातं ब्लॉक करायला लावलं. तिनं बोट टेकवलं. एवढं हलकं काम, पण ती धापा टाकत होती.

तो माणूस सापडायला अडीच महिने लागले. दुसऱ्या जिल्ह्यातला होता, बेचाळीस वर्षांचा. त्याच्या फोनमध्ये आणखी अकरा मुली होत्या. सगळ्यांना तो सकाळी हेच विचारायचा, काल काय स्वप्न पडलं.

हे ऐकल्यावर स्पृहानं कितीतरी दिवस स्वप्नं सांगितली नाहीत. झोपेतही येत नाहीत, म्हणायची. शाळेत यायची, बाकावर बसायची, जायची. राजनंदिनींनी एक केलं. त्या सकाळी पाच मिनिटं लवकर उठू लागल्या आणि चहा घेऊन मुलीच्या पलंगावर नुसत्या जाऊन बसू लागल्या. काही विचारायच्या नाहीत. डिसेंबरात एकदा स्पृहानं आपणहून सांगितलं, "आई, आज स्वप्नात घोडा आला होता. पण कागदाचा." राजनंदिनी हे मला फोनवर सांगताना हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही.

मी वासंतीताईंना शाळेत बोलवायचं ठरवलं. त्या घाबरल्या. "माझं शिक्षण दहावी, मॅडम. तुमची पोरं इंग्लिश फाडतात." शेवटी तयार झाल्या. कुठूनतरी एक माहितीपत्रक मिळवून आणलं आणि आठवी-नववीच्या वर्गापुढं ते वाचून दाखवू लागल्या. अनोळखी व्यक्तीशी बोलू नये. पासवर्ड कुणाला देऊ नये. पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावरून आवाज आला, "आंटी, तुमचा इन्स्टा आयडी काय आहे?" वर्ग खदखदून हसला. वासंतीताई पत्रकाची घडी घालत राहिल्या. घरी जाताना म्हणाल्या, "माझा आवाज मलाच परका वाटत व्हता."

पुढच्या शनिवारी त्या पत्रक न घेता आल्या, सूक्ष्मदर्शक घेऊन. एक फोन उघडून ठेवला आणि मुलांना रांगेनं आत बघू दिलं. पोरं बघत राहिली, हळू आवाजात बोलू लागली. मग त्यांनी त्या आयडीवाल्या मुलालाच उभं केलं. पृथ्वीराज. धानोरीतल्या जमीनदार घरातला, बापाचा बांधकामाचा धंदा, पोराच्या हातात सगळ्यात महागडा फोन.

"तुझा कुठला तरी एक फोटो दे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना दिसतो असा. चालंल का तुला? न्हाई म्हन, मी दुसरं काही करीन."

"बिनधास्त घ्या, आंटी. मला काय फरक पडतो?"

फोटो मोठ्या पडद्यावर लावला. गच्चीवर शाळेच्याच शर्टात, काळा चष्मा लावून उभा असलेला पृथ्वीराज. "आता याला आपण कुणी वळखत न्हाई," वासंतीताई वर्गाला म्हणाल्या. "हा कोण, ते फोटोतनं सांगा."

मुलं सुरुवातीला लाजली, मग पेटली. खिशावरचा बिल्ला म्हणजे शाळा. मागच्या पाण्याच्या टाकीवर सोसायटीचं अर्धं नाव. टेकडी डावीकडं म्हणजे इमारत कोणत्या रस्त्याला. सावली लांब म्हणजे संध्याकाळ. खाली उभी गाडी, तिचा नंबर. एका मुलीनं हळूच सांगितलं की खाली लिहिलंय, आई-पप्पा गावाला, फुल फ्रीडम. अकरा मिनिटांत पृथ्वीराजचं घर, मजला, गाडी, आणि तो कोणत्या दिवशी एकटा होता ते फळ्यावर लिहून झालं. वर्ग हसत होता. पृथ्वीराज हसत नव्हता.

"हे तुझ्या मित्रांनी शोधलं," वासंतीताई त्याला मऊपणानं म्हणाल्या. "त्यांची तुझ्याशी काही दुश्मनी न्हाई. बस खाली. तू चांगला मुलगा हायस, हिंमत केलीस."

त्या दिवसापासून त्यांचा वर्ग वेगळा झाला. त्या नियम सांगायच्या नाहीत, गोष्टी सांगायच्या आणि विचारायच्या. जो तुझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणतो, तो मित्र कसा? मित्र भांडतो की. जो म्हणतो "हे आपल्या दोघांतच ठेव", त्याला तिसऱ्याची भीती का वाटते? गेममधले डायमंड फुकट देणाऱ्याला तुझा पासवर्ड कशाला लागतो? आणि शेवटची पंधरा मिनिटं मुलं जोड्या करून बसायची आणि फक्त सांगायचा सराव करायची. एकानं आई व्हायचं, एकानं मूल. आधी हसणं व्हायचं. मग कधी कधी एखादी जोडी हसायची थांबायची, आणि आम्हाला कळायचं की तिथं सराव संपून खरं काहीतरी सुरू झालंय. असं वर्षभरात चारदा झालं. चारही वेळा आम्हाला पुढची वाट माहीत होती.

पालकांची सभा घेतली तेव्हा पृथ्वीराजचे वडील इंद्रजीत पुढच्या खुर्चीत बसले होते. मध्येच म्हणाले, "हे सगळं ज्यांच्या पोरींना वळण न्हाई त्यांच्यासाठी हाय. आमच्या पोरीला तर आम्ही फोनच देत नाय."

"बरं करता, दादा," वासंतीताई म्हणाल्या. "पन मग ती मैत्रिणीच्या फोनवरनं बघती. आन काही झालं, तर तुम्हाला कधीच सांगणार न्हाई. कारन तिनं फोन घेतला हाच आधी गुन्हा व्हनार."

तेवढ्यात विमान आलं आणि सभा थांबली. सगळे आईबाप आपापल्या जागी गप्प. आवाज विरला तशा वासंतीताई म्हणाल्या, "बघा, एवढा वेळ तुम्ही सगळे गप बसलात. पोरगं सांगायला आलं की एवढंच गप बसायचं. एक विमान जाईपर्यंत. मग काय ओरडायचं ते ओरडा." लोक हसले. पण जाताना इंद्रजीत दारापाशी रेंगाळले आणि मला विचारलं, "मॅडम, हा वर्ग मुलींच्या शाळेत पन घेता का?" त्यांची मुलगी कोणत्या शाळेत आहे ते मी विचारून घेतलं.

आता बुधवारी दुकान बंद असतं. दारावर पाटी असते, "बुधवारी शाळा." स्पृहा अकरावीत गेली, चित्रकलेच्या परीक्षा देते आणि ॲपवर चित्रं टाकतेही, पण दुसऱ्या नावानं आणि राजनंदिनींना माहीत असलेल्या खात्यावर. त्या दिवसांबद्दल ती बोलत नाही. आम्हीही काढत नाही.

मागच्या महिन्यात आम्ही कात्रजच्या एका शाळेत गेलो. विश्रांतवाडीहून कात्रज म्हणजे पुण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बसमध्ये वासंतीताई मांडीवर सूक्ष्मदर्शक घेऊन बसल्या होत्या, कुणाचं तरी तान्हं मूल घेऊन बसावं तशा. वर्गात साठ मुली होत्या. संपल्यावर संस्कृती नावाची सहावीतली चिमुरडी मागं राहिली. तिनं वासंतीताईंना खाली वाकायला सांगितलं आणि त्यांच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. वासंतीताई तशाच वाकून होत्या. कंबर दुखते त्यांची, पण उठल्या नाहीत. मग तिच्या वर्गशिक्षिकेला बोलावून तिघी कोपऱ्यात जाऊन बसल्या. मी खिडकीपाशी थांबले. मैदानात सुकायला घातलेल्या सतरंज्या हलत होत्या.

परतीच्या बसमध्ये त्यांना लगेच झोप लागली. स्वारगेट गेलं, मंडई मागं पडली, पूल आला, खाली नदीवर दुपारचं पिवळं ऊन होतं, आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. मी हलले नाही. विश्रांतवाडीच्या चौकात बस वळली तशी त्या जाग्या झाल्या आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, "मॅडम, केवढ्या पोरी हो. सगळ्या एकदम बोलत व्हत्या, आन मला एकेकीचं येगळं येगळं ऐकू येत व्हतं."

"कुठं?"

"झोपेत." मग त्यांनी डोळे उघडले, पिशवी सावरली. "चला, उतरू या. गिरणीवालीचा फोन सकाळपासून पडून हाय, तिला आज देते म्हटलं व्हतं."